दर जूनला नांग्याच भरताय? मग आधी मेलेलं रोप उपटून बघा

जुलैतल्या एका रविवारी ऐंशी माणसं येतात. दीडशे रोपं लागतात, वडापाव होतो, फोटो निघतात. पुढच्या जूनला त्याच खड्ड्यांपाशी उभं राहून मोजायला लागलं की तीस-पस्तीस काड्यांवर पानं दिसतात, बाकीच्या नुसत्याच काड्या. मग पुन्हा रोपं आणा, पुन्हा नांग्या, म्हणजे मेलेल्या रोपांच्या रिकाम्या जागा, भरा. दोन-तीन वर्षांनी लोक म्हणायला लागतात, "जमीनच खराब आहे." जमीन कधीकधी खराब असतेही. पण दर वेळी दोष तिचा नसतो.

आमची बाग सासवडच्या पुढे, गावच्या मालकीच्या दोन एकर मुरमाड तुकड्यावर आहे. सीताफळ, आवळा, पेरू, थोडा केशर आंबा, चिंच, जांभूळ आणि बांधाला कवठ-करवंद. श्रमदानाला निम्मी माणसं गावातली, निम्मी पुण्याहून येणारी. पहिली तीन वर्षं आम्ही उन्हाळ्याला शिव्या घातल्या. चौथ्या वर्षी मेलेली रोपं फेकण्याआधी उपटून बघायला लागलो, तेव्हा कळलं की मे महिन्यात वाळलेली बरीचशी रोपं मुळात जुलै ते ऑक्टोबरमध्येच गेलेली होती. मे महिन्यानं फक्त ते जाहीर केलं.

तुमच्याकडेही हेच दरसाल होत असेल तर खाली आमची तपासणीची पद्धत देतोय. क्रम मुद्दाम असा ठेवलाय, कारण आम्ही तो उलटा धरला होता.

आधी हे बघा: ते खरंच मेलंय का?

हसू नका. आम्ही जिवंत सीताफळं उपटून टाकलेली आहेत. सीताफळ फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं झाडतं आणि अगदी सरपणासारखं दिसतं. आवळाही त्या सुमारास बारीक डहाळ्यांसकट पानं टाकतो. पुण्याहून आलेल्या उत्साही मंडळींनी "मृत रोपं काढा" हे काम नेमकं मार्चच्या पहिल्या रविवारी हाती घेतलं होतं. गावातल्या एका मावशींनी काढलेल्या ढिगातली काडी नखानं खरवडली, आतली हिरवी साल दाखवली आणि काही न बोलता निघून गेल्या. त्यापेक्षा चार शब्द ऐकवले असते तर बरं वाटलं असतं.

तर नखानं किंवा खुरप्याच्या टोकानं साल अगदी हलकी खरवडा. हिरवी, ओलसर दिसली तर झाड जिवंत आहे. शेंड्याला तपकिरी असेल तर खाली सरकत या. कुठे हिरवं लागतंय ते बघा. कलम असेल तर हिरवा भाग जोडाच्या वर आहे की खाली, हे महत्त्वाचं. जोडाच्या खालीच हिरवं असेल तर जगलाय तो खुंट, म्हणजे ज्यावर कलम बांधलं होतं ते खालचं रोप. तुम्ही पैसे दिले होते ते झाड गेलं.

हा खुंटाचा प्रकार नोंदवहीत लपून बसतो. केशरची फांदी केव्हाच वाळते, खालून खुंटाची फूट जोमानं वाढते आणि झाडापुढे "जिवंत, वाढ उत्तम" अशी नोंद होते. आमच्या एका आंब्याला सलग दोन वर्षं असा शेरा मिळाला होता. पहिली दोन वर्षं जोडाखालची फूट महिन्याला एकदा बोटानं खुडायची, एवढाच यावर उपाय. कोवळी असताना बोटं पुरतात, उशीर केला की सिकेटर (छाटणीची कात्री) लागतो.

उपटा, झटका, मुळं बघा

साल तपकिरी निघाली, झाड खरंच गेलंय, तर ते हिसका देऊन ओढू नका. भोवती वीतभर अंतरावर कुदळीनं उकरा आणि मातीसकट उचला. पाण्याच्या बादलीत बुडवून माती सोडवा. एका रोपाला पाच मिनिटं लागतात. दहा रोपं बघितली की तुमच्या बागेचा आजार कळतो.

*मुळांचा गोळा अजून पिशवीच्याच आकाराचा आहे.* आमच्याकडे सगळ्यात जास्त सापडलं ते हे. लावून दहा महिने झाले तरी मुळं पिशवीएवढ्याच मातीत गोल गोल फिरलेली, बाहेर एकही नाही. याची कारणं दोन. एक, पिशवी काढलीच नव्हती, किंवा नुसती खालून फाडली होती. अनोळखी माणसांच्या हातात फावडी दिली की हे होणारच. त्यांना कुणी सांगितलेलं नसतं आणि विचारायला संकोच वाटतो. यावर आम्हाला सापडलेला सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे रिकाम्या पिशव्या मोजणं. रोपं ८० नेली तर जेवणाआधी ८० पिशव्या परत आल्या पाहिजेत. ७६ आल्या तर चार खड्डे पुन्हा उघडायचे. पहिल्या वर्षी लोक वैतागले, आता मुलंच पिशव्या गोळा करून हिशेब देतात.

दुसरं कारण रोपवाटिकेतूनच आलेलं असतं. लहान पिशवीत दोन-तीन वर्षं उभं असलेलं उंच रोप. श्रमदानाला येणाऱ्यांना उंच रोप आवडतं, फोटोतही बरं दिसतं. आम्हीही एका रोपवाटिकेतून पाच फुटी जांभळं कौतुकानं आणली होती. त्यांची मुळं तळाशी दोरीच्या वेटोळ्यासारखी होती. हल्ली आम्ही दोन-अडीच फुटांचं, एका वर्षाचं, पानं टवटवीत असलेलं रोप घेतो. पिशवी उचलताना तळातून जाड मूळ जमिनीत गेलेलं असेल आणि तोडून घ्यावं लागत असेल, तर ते रोप तिथेच ठेवायचं. लावताना पिशवी दोन्ही बाजूंनी ब्लेडनं चिरायची, तळाचं वेटोळं दोन-तीन सेंटीमीटर कापून टाकायचं आणि गोळ्याच्या कडा बोटांनी जराशा मोकळ्या करायच्या. गोळा फुटू द्यायचा नाही. एवढं कापताना पहिल्यांदा हात थरथरतो, पण न कापता लावलं तर ते वेटोळं पुढे तसंच जाड होत जातं.

*मुळं काळी पडलीत, साल बोटानं सुटते, वास येतो.* झाड पाण्यानं गेलंय. आमच्या मुरमात खड्डा खणला की खाली कातळासारखा थर लागतो आणि खड्डा म्हणजे एक बादली होऊन बसते. पावसाचं पाणी आत येतं, जायला वाट नसते. गंमत अशी की बुडणारं रोप तहानलेल्यासारखंच दिसतं: पानं माना टाकतात. एका ऑगस्टमध्ये आम्ही माना टाकलेल्या पेरूंना झारीनं पाणी घालत होतो. शेजारच्या शेतातले एक मामा बांधावरून बघत होते. म्हणाले, "सायेब, त्ये तहानंनं न्हाई, पान्यानं मरतंय. बोट घाला की मातीत." बोट घातलं. दोन पेरं खाली चिखल होता.

याची परीक्षा लावणीच्या आधी करायची असते. खड्डे एप्रिल-मेमध्येच खणून उन्हात तापू द्या. आंबा-चिंचेला मीटरभर लांब, रुंद, खोल आणि सीताफळ-पेरूला ६० सेंटीमीटरचा पुरतो. मग वळवाचा पाऊस झाला किंवा टँकरचं पाणी उरलं तर खड्ड्यात सोडून बघा. दुसऱ्या दिवशीही पाणी दिसत असेल तर तळ पहारीनं फोडा. तरीही उभंच राहत असेल तर तो खड्डा सोडा, दोन पावलं सरका. ओळ थोडी वाकडी झाली म्हणून झाड रागावत नाही, रागावतात ती ओळ आखणारी माणसं. भरताना वरची काळी माती, चांगलं कुजलेलं शेणखत आणि थोडी निंबोळी पेंड घालून खड्डा जमिनीपेक्षा वीतभर उंच भरा, कारण दोन मोठ्या पावसांत माती बसते. माती बसली नाही असं कधी झालेलं नाही. आणि बसली की रोप खोलगट जागेत जातं, मग कुणीतरी काळजीनं बुंध्याला भर घालतं, कलमाचा जोड मातीखाली जातो आणि वेगळंच दुखणं सुरू होतं. जोड कायम जमिनीच्या वर, निदान वीतभर, दिसत राहिला पाहिजे.

*मुळं कुरतडलीत किंवा पोकळ होऊन आत माती भरलीय.* कुरतडलेली असतील आणि मातीत पांढरी, इंग्रजी 'सी'सारखी वळलेली, तपकिरी डोक्याची अळी सापडली तर ती हुमणी. पोकळ होऊन माती भरली असेल तर वाळवी. दोघींनाही निमंत्रण बहुतेक वेळा आपणच देतो, कच्च्या शेणखतातून. "दोन ट्रॉली शेणखत फुकट मिळतंय" असा निरोप मे अखेरीस आला की आमचा पूर्वी आनंदानं होकार असायचा. आता आधी मूठभर हातात घेऊन बघतो. वास येत असेल, आत गरम लागत असेल, गवताच्या काड्या ओळखू येत असतील, तर ते पुढच्या वर्षासाठी ढिगातच ठेवायचं.

वाळवीबद्दल एक सांगतो. वाळलेल्या बुंध्यावर मातीचे पापुद्रे दिसले की सगळे वाळवीला धरतात, पण ती बरेचदा आधीच आजारी किंवा वाळत चाललेल्या झाडावर येते. तिचं वारूळ जवळच असेल तर उकरून राणी काढा, पण रोप आधी कशानं खचलं तेही शोधा. औषध वापरायचं झालं तर गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्यांना (पूर्वीचे कृषी सहायक) विचारूनच. श्रमदानाला लहान मुलं असतात.

हुमणीचा बंदोबस्त मात्र माणसांच्या गर्दीनं होतो आणि मजेत होतो. पहिला चांगला पाऊस पडला की तिचे भुंगेरे संध्याकाळी जमिनीतून निघून कडुनिंब, बाभूळ, बोरीवर जमतात. दिवेलागणीनंतर तासाभरानं झाडाखाली जुनी चादर पसरायची, फांद्या हलवायच्या, पडलेले भुंगेरे रॉकेल टाकलेल्या पाण्यात टाकायचे. हे सलग चार-पाच संध्याकाळी करावं लागतं, आणि एकट्या बागेनं करून भागत नाही, आजूबाजूच्या शेतकऱ्यांनीही केलं तर उपयोग. आमच्या गावातली पोरं याला "भुंगेरे पार्टी" म्हणतात. वर्षभरातला सगळ्यात जास्त हजेरीचा कार्यक्रम तोच.

*मुळं चांगली आहेत, पण बुंध्याभोवती साल नाही.* बुंध्याला बांगडीसारखी साल निघालेली दिसली तर गुन्हेगार आपल्यातलाच आहे. सप्टेंबरमध्ये गवत कमरेला लागतं, कुणीतरी ग्रास कटर आणतं आणि एका सकाळी सगळं मैदान साफ होतं. कटरची नायलॉनची दोरी कोवळ्या बुंध्याला दोन सेकंद लागली तरी पुरतं. झाड लगेच मरत नाही. पानांत तयार झालेलं अन्न खाली मुळांपर्यंत पोचत नाही, मुळं उपाशी पडतात, झाड दोन-तीन महिने तग धरतं आणि ऐन उन्हात जातं. दोष पुन्हा उन्हाळ्याला. आता आमचा नियम असा आहे: रोपाभोवती हातभर जागा खुरप्यानं बसून साफ करायची, मशीन त्याच्या बाहेर. शिवाय बुंध्याला जुन्या पीव्हीसी पाइपचा वीतभर तुकडा उभा चिरून घालतो. त्यात मुंग्या घर करतात, म्हणून महिन्याला काढून बघायला लागतं.

सालीची बांगडी जर नेमकी कलमाच्या जोडावर असेल तर तिथे प्लॅस्टिकची पट्टी शोधा. रोपवाटिकेत कलम बांधताना गुंडाळलेली ती पट्टी कुणीच काढत नाही. बुंधा जाड होतो आणि पट्टी गळफासासारखी आत रुतते. जोड पक्का झालेला दिसला की लावणीच्या दिवशीच पट्टी काढायची.

मुळंही चांगली, सालही चांगली. मग पाणी

आता पाण्याकडे येऊ. सगळे लोक सुरुवात इथून करतात, आम्हीही केली होती.

हिशेब कागदावर मांडा. शंभर रोपं धरा. पहिल्या वर्षी एका रोपाला एका वेळी १५ लिटर, म्हणजे १,५०० लिटर. आठवड्यातून दोनदा, म्हणजे ३,०००. पाऊस ऑक्टोबरच्या मध्याला थांबला आणि पुढचा जूनच्या मध्याला आला तर मधले सुमारे ३५ आठवडे. एकूण १,०५,००० लिटर, म्हणजे दहा हजारांचे साडेदहा टँकर. थंडीत कमी लागेल, आच्छादनानं आणखी कमी होईल, तरी आकडा लाखाच्या जवळपासच राहतो. हेच बादल्यांत मोजा: दोन हातांत दोन बादल्या, सांडून-लवंडून खेपेला २५-३० लिटर. आठवड्याला शंभरावर खेपा. शंभर खेपा दर आठवड्याला, ३५ आठवडे, श्रमदानानं.

हे होत नाही. मी सात वर्षं बघतोय, होत नाही. "झाड दत्तक घ्या" करून पाहिलं. नावाच्या पाट्याही लावल्या. कुटुंबं डिसेंबरपर्यंत येतात. मग एक रविवार चुकतो, दुसरा चुकतो, आणि आपलं झाड वाळलेलं बघावं लागेल या अपराधी भावनेनं ती येणंच बंद करतात. म्हणजे पाटीनं झाडही गेलं आणि माणूसही. शेवटी आम्ही पाण्याचं काम श्रमदानातून काढून टाकलं. गावातल्या एका ताईंना आठवड्यातून दोन दिवसांची मजुरी देतो, त्या पाणी घालतात आणि कुठल्या रोपाला काय झालंय ते फोनवर सांगतात. वर्गणी त्यासाठी गोळा करायची, रोपांसाठी नाही. रोपं फुकट मिळतात हो, पाणी मिळत नाही. काही मंडळींना हे श्रमदानाच्या तत्त्वाविरुद्ध वाटतं. त्यांना मी एप्रिलमधल्या मंगळवारी दुपारी बोलावतो.

यातून एक गोष्ट आपोआप ठरते: यंदा किती रोपं लावायची, ते जुलैत किती माणसं येणार यावर ठरवायचं नाही. मे महिन्यात किती लिटर पाणी हाताशी असेल यावर ठरवायचं. आमचं उत्तर आलं ४०. दीडशेवरून ४० म्हटल्यावर बैठकीत बरीच चिडचिड झाली, "एवढ्या लोकांनी करायचं काय" हा प्रश्नही रास्त होता. त्याचं उत्तर पुढे आहे. सरकारी योजनाही याच अंगानं बघते, हे तेव्हा उपयोगी पडलं: भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेत शेतकऱ्याला अनुदान तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के असं मिळतं, आणि पुढचे हप्ते झाडं जगली तरच. आमच्यासारख्या गटांना ती योजना लागू नाही, पण वाद मिटवायला कामी आली.

पाणी कसं द्यायचं याबद्दल थोडक्यात. बुंध्याला चिकटून ओतू नका. आळं बुंध्यापासून वीतभर दूर, आणि दरवर्षी बाहेर सरकवा, म्हणजे मुळं बाहेर जातात. रोज तांब्याभर देण्यापेक्षा चार दिवसांनी बादलीभर बरं. मडकं पुरणं चांगलं चालतं: तळाला भोक पाडून कापडाची वात घातलेलं पाच-सात लिटरचं मडकं, तोंडावर झाकण. नवीन रोपाला ते हातभर अंतरावर पुरा. सलाईनच्या वापरलेल्या बाटल्या लटकवण्याची टूम मधे आली होती. दवाखान्याचा कचरा बागेत, तोही मुलांच्या हाताशी, आणू नका. ठिबक असेल तर दर महिन्याला लॅटरलची, म्हणजे ओळीतल्या बारीक नळ्यांची, टोकं उघडून पाणी सोडा आणि एकेका ड्रिपरखाली हात धरून बघा. आमच्या एका ओळीत शेवटची सहा रोपं दोन वर्षं "कमजोर" होती. ड्रिपर क्षारांनी बुजलेले होते.

खरी खिंड: गणपती ते दिवाळी

आमच्या हजेरीपटाचा आलेख काढला तर तो दरवर्षी सारखाच येतो. जुलैत भरगच्च. श्रावणात थोडा कमी. गणपतीत शून्य, पितृपक्षात चार-दोन, नवरात्रात पुन्हा शून्य, मग सहामाही परीक्षा, मग दिवाळी. सगळे परत येतात ते नोव्हेंबरच्या मध्याला, स्वेटर घालून.

आणि बागेत याच काळात काय चाललेलं असतं? उत्तरा नक्षत्रापर्यंत गवत रोपाच्या डोक्यावरून गेलेलं असतं. गाजरगवत फुलून बी सांडत असतं. हस्ताचा पाऊस कोसळतो आणि थांबतो. मग आठ दिवसांत ऊन असं तापतं की वरची माती तडकते. रोपाची मुळं अजून खड्ड्याबाहेर पोचलेली नसतात, भोवतीचं गवत खालची ओल ओढून घेत असतं. वर्षातला सगळ्यात नाजूक महिना, आणि बागेत कुणी नाही. आमच्या ताईंना पहिल्यांदा आम्ही जानेवारीपासून पाण्याला लावलं होतं. त्या म्हणाल्या, "आत्ता कशाला बोलावलं? दसऱ्याला बोलवायचं ना."

म्हणून आम्ही जुलैतला एक मोठा रविवार मोडून तो सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, गणपती गेल्यावर लगेच, नेला. जुलैत वृक्षारोपण करायची सवय आपल्या अंगात फार मुरलेली आहे; क. मा. मुन्शी केंद्रात कृषिमंत्री असताना १९५० साली वनमहोत्सव सुरू झाला तेव्हापासून जुलैचा पहिला आठवडा म्हणजे झाडं लावणं. त्याला हात लावू नका, लोकांना तो आनंद हवा असतो. फक्त "एवढ्या लोकांनी करायचं काय" याचं उत्तर सप्टेंबरमध्ये आहे: गवत उपटा, फुलायच्या आत, आणि तेच गवत रोपाभोवती आच्छादन म्हणून पसरा. बी धरलेलं गवत आणि हराळी-लव्हाळ्याच्या गड्ड्या यात घेऊ नका, त्या पुन्हा रुजतात. उसाचं पाचट मिळालं तर उत्तम. थर दहा-एक सेंटीमीटरचा, बुंध्यापासून वीतभर जागा मोकळी. आच्छादन ओल असताना घालायचं असतं. फेब्रुवारीत कोरड्या मातीवर घातलं तर कोरडेपणाच झाकला जातो.

या एका रविवारची हजेरी जुलैच्या निम्मी असते. चालतं. चाळीस रोपांना चाळीस माणसं पुष्कळ झाली.

पाऊस थांबल्यापासून दहा दिवसांत पहिलं पाणी. तारीख ठरवू नका, बोट मातीत घालून ठरवा. मामांनी शिकवलेलं एवढं एक आम्ही सोडलेलं नाही.

जनावरं, आग आणि बुंधे

शेळ्या आणि मोकाट गुरांसाठी बाभळीच्या झापांचं कुंपण दरवर्षी नव्यानं करावं लागतं. सागरगोटा किंवा घायपात बांधाला लावली तर तीन-चार वर्षांत सुटका. दिवाळीनंतर मेंढपाळांचे कळप जातात. त्यांच्याशी पहिल्या वर्षी भांडलो, दुसऱ्या वर्षी बोललो. शेजारच्या मोकळ्या तुकड्यावर त्यांनी खतासाठी दोन रात्री मेंढ्या बसवल्या, आम्ही त्याचे पैसे दिले, आणि तिथे पुढच्या वर्षीचे खड्डे खणले. कुंपणाच्या आत एकही मेंढी आली नाही.

वणव्यासाठी जानेवारीतच बागेभोवती तीन-चार मीटर रुंदीची जाळरेषा काढा. त्या पट्ट्यातलं गवत कापून आत आच्छादनाला न्या, तिथे जाळत बसू नका.

तीन-चार वर्षांच्या झाडांच्या बुंध्यांना पावसाआधी बोर्डो पेस्ट, म्हणजे बुरशी रोखणारा लेप, लावा: मोरचूद १ किलो, चुना १ किलो, पाणी १० लिटर. दोन्ही वेगवेगळं भिजवून एकत्र ओतायचं, प्लॅस्टिकच्या किंवा मातीच्या भांड्यात. लोखंडी बादली नको. तयार झाल्यावर लोखंडी विळा मिनिटभर बुडवा. त्यावर तांबूस रंग चढला तर चुना कमी पडलाय. लहान मुलांना रंगकाम म्हणून हे फार आवडतं, पण मोरचूद विषारी आहे, हातमोज्यांशिवाय आणि मोठ्यांशिवाय नको.

आत्ता कुठला महिना चालू आहे?

मे असेल तर यंदाची रोपं मागवणं थांबवा, मेलेली दहा उपटून बघा, टँकरचा हिशेब करा. जुलै असेल तर पिशव्या मोजा आणि पट्ट्या काढा. ऑगस्टमध्ये माना टाकलेली रोपं दिसली तर पाणी घालण्याआधी बोट घाला. सप्टेंबर असेल तर हे वाचणं सोडा आणि माणसं गोळा करा. फेब्रुवारीत सीताफळ उपटू नका.

आणि नोंदवही ठेवा, पण माणसांच्या हजेरीची नाही, झाडांच्या. प्रत्येक खड्ड्याला नंबर, वर्षातून तीनदा हजेरी: ऑक्टोबर, फेब्रुवारी, जून. पुढे फक्त "आहे", "नाही", आणि नसेल तर उपटल्यावर काय दिसलं. वही सुरू केल्यावर तिसऱ्या वर्षी एक गोष्ट ध्यानात आली. सातव्या ओळीतल्या तिसऱ्या खड्ड्यात आंबा गेला, मग जांभूळ गेलं, मग आवळा गेला, तिन्हींपुढे "काळी मुळं" लिहिलेलं. पहार मारून बघितली तर हातभर खाली सलग कातळ. तिथे आता आम्ही पालापाचोळ्याचा ढीग लावतो. खत चांगलं होतं.